स्टडीच्या कागदावर सही करू का नको?

पत्र मोठं होतं, कामापुरतं देते.

"ताई नमस्कार. मी सोलापूरची, वय २४, बारावी झालीये, पहिलंच बाळंतपण, सातवा महिना लागलाय. मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, सासूबाई घरी विड्या वळतात. माझं नाव मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात घातलंय. मागच्या तपासणीला हिमोग्लोबिन ८.४ निघालं तर एक तरुण मॅडम बाजूला घेऊन म्हणल्या की आमचा एक स्टडी चालूये, निम्म्या बायकांना लोहाच्या गोळ्या आणि निम्म्यांना सलाईनमधून लोहाचं इंजेक्शन, कुणाला काय ते चिठ्ठीवर ठरणार, सही करा. चार पानी कागद दिलाय. सासूबाई म्हणतात तुला काय उंदीर समजलेत का, गरिबाच्याच पोरींवर प्रयोग करतात. मिस्टर म्हणतात सही नाही केली तर डिलिव्हरीच्या वेळी राग काढतील. आणि दुसरं म्हणजे शेजारची सांगत होती तिथं बाळंतपणाला शिकाऊ पोरं-पोरी घोळक्यानं उभी असतात, मुलगे पण. मला ऐकूनच घाम फुटला. नाही म्हणता येतं का?"

अगं, येतं. दोन्हीला येतं. हे आधीच सांगून टाकते म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. पण दोन्हींना माझं उत्तर एक नाहीये. तुझ्या जागी मी असते तर स्टडीला बहुतेक हो म्हणलं असतं, आणि घोळक्याला नाही.

आधी ती चिठ्ठी, कारण सासूबाईंचा सगळा राग त्या चिठ्ठीवर आहे आणि तो मला समजतो, बाळाचा प्रश्न आणि हे काय लॉटरी काढतात असं कुणालाही वाटेल. पण बघ, समजा चिठ्ठी नाही आणि मॅडमनीच ठरवलं कुणाला गोळ्या नि कुणाला इंजेक्शन, तर काय होईल? जी जास्त फिक्की दिसते, दम लागतोय, तिला त्या इंजेक्शन देणार, आणि जी बरी आहे तिला गोळ्या. मग शेवटी गोळ्यावाल्या बायका जास्त ठणठणीत निघाल्या तर ते गोळीमुळं का त्या मुळातच बऱ्या होत्या म्हणून, कसं कळायचं? म्हणून नंबर टाकलेली बंद पाकिटं असतात, आतलं दिसत नाही असल्या जाड कागदाची, तुझी सही झाली की पुढच्या नंबरचं पाकीट फोडायचं आणि आत जे असेल ते. डॉक्टरला स्वतःची आवडनिवड त्यात घुसवता येऊ नये एवढ्यासाठीच हा खटाटोप. आणि एक अट असते, चिठ्ठी तेव्हाच टाकायची जेव्हा दोन्हींतलं कुठलं चांगलं हे खरंच ठरलेलं नाहीये. एक पक्कं चांगलं आहे हे माहीत असताना चिठ्ठी टाकली तर तो गुन्हाच म्हण.

तुझ्या केसमधे दोन्ही पाकिटांत लोहच आहे, हे लक्षात घे. कुणालाच कोरडं ठेवत नाहीयेत. गोळ्या तर आपल्याकडं सगळ्याच गरोदर बायकांना देतात, रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फोलिक ॲसिड, आणि रक्त कमी असेल तर दिवसाला दोन. इंजेक्शन म्हणजे बहुधा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज असेल, काळपट तपकिरी औषध, सलाईनमधे घालून पंधरा-वीस मिनिटांत जातं, पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत पण तू त्याच्या पुढं गेलीयेस. दिल्यानंतर अर्धा तास तरी तिथंच बसवून ठेवतात कारण क्वचित कुणाला रिॲक्शन येते, तर त्या अर्ध्या तासात "मला रिक्षा मिळणार नाही, जाऊ का" करत उठायचं नाही. हे औषध नवीन नाही, स्टडीच्या बाहेरही रोज वापरलं जातं. म्हणजे कुणी अनोळखी रसायन तुझ्या अंगात घालून बघतंय असं हे प्रकरण दिसत नाही. ती तरुण मॅडम एमडी शिकणारी असणार, त्यांना थिसिस केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि खरं सांगू, तिला तुझ्या सहीची जेवढी गरज आहे तेवढी तुला तिच्या स्टडीची नाहीये. त्यामुळं बिनधास्त प्रश्न विचार, ती उत्तरं देईल, वैतागली तरी देईल.

आता माझंच एक सांगते. मी ८० च्या दशकात एमडी केलं, कॉलेजचं नाव नको, त्या वेळी सगळीकडं तेच होतं. माझा थिसिस होता आईचं हिमोग्लोबिन आणि बाळाचं वजन यावर, १०० बायका. त्यातल्या एकीलाही मी सांगितलं नव्हतं की बाई, तुझे आकडे मी माझ्या वहीत उतरवून घेतेय. ॲडमिशनच्या कागदावर अंगठा असायचा, त्यातच सगळं आलं असं आम्ही धरून चालायचो. रक्त तपासायला तर घ्यायचंच असायचं, मी थोडं जास्त घ्यायचे. थिसिस काळ्या बाइंडिंगमधे सोनेरी अक्षरात बांधून आला, आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि त्या १०० जणींना आजही पत्ता नसेल. तेव्हा सासूबाई जे म्हणतायत ते हवेतलं नाही, त्यांच्या वयाच्या बायकांच्या बाबतीत ते घडलेलं आहे, आणि करणाऱ्यांत मी पण होते. त्यांना वेड्यात काढू नकोस.

पण तुझ्या हातात तो चार पानी कागद आहे, हाच फरक आहे. आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाची देशातली सरकारी संस्था, तिचे २०१७ चे नियम आहेत, त्याप्रमाणं प्रत्येक स्टडी आधी एथिक्स कमिटीपुढं जातो. त्या कमिटीत नुसते त्याच कॉलेजचे डॉक्टर चालत नाहीत, अध्यक्ष बाहेरचा लागतो, कायद्याचा माणूस लागतो, आणि एक अगदी साधा माणूस, डॉक्टर नसलेला, तुझ्यामाझ्या गल्लीतला म्हण, तो पण लागतो. कागदावर त्या कमिटीच्या मंजुरीचा उल्लेख आहे का बघ, आणि कमिटीच्या सेक्रेटरीचा फोन नंबर. नुसता मॅडमचा मोबाईल नंबर असेल तर पुरत नाही, कारण तक्रार मॅडमचीच करायची वेळ आली तर तू कुणाला फोन करणार? कागद मराठीत हवा. तुमच्या घरी तेलुगू चालत असेल आणि सासूबाईंनाही समजून घ्यायचं असेल तर तेलुगूतून सांगा म्हणायचा हक्क आहे तुला, सोलापुरात तेलुगू बोलणारी सिस्टर शोधायला कुणाला लांब जावं लागत नाही. वाचता न येणाऱ्या बाईसमोर स्टडीशी संबंध नसलेला साक्षीदार बसवून वाचून दाखवावं लागतं. आणि एक प्रत तुझ्याकडं राहते, ती मागून घे, विसरतात द्यायला. सही तुझी लागते, मिस्टरांची नाही. त्यांच्याशी बोल जरूर, घरात बोलूनच ठरव, पण "नवऱ्याला आणा, तोच सही करेल" असं कुणी म्हणलं तर ते चूक आहे.

कागद घरी आणलायस हे फार बरं केलंस. ओपीडीच्या रांगेत, एका हातात केसपेपर, दुसऱ्या हातात लघवीची बाटली, मागून मावशी "चला चला पुढं सरका" करतेय, असल्यात केलेल्या सहीला मी तरी संमती म्हणत नाही.

मॅडमना काय विचारायचं? पहिलं हे की मला गोळ्यांची चिठ्ठी निघाली आणि महिन्याभरात रक्त वाढलंच नाही तर मग काय. हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे बघ. गोळ्या नीट घेतल्या तर महिन्यात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमनं तरी वर जायला पाहिजे, नाही गेलं तर दुसरा उपाय करायचा असतो, आणि तुझ्याकडं आता तीनच महिने हातात आहेत, त्यामुळं "स्टडी संपेपर्यंत थांबा" हे उत्तर चालणार नाही. "नाही वाढलं तर आम्ही स्टडी बाजूला ठेवून इंजेक्शन देऊ" असं उत्तर आलं तर छान. मग विचार की रक्त किती वेळा काढणार आणि किती (५ मिली म्हणजे एक चहाचा चमचा, तेवढ्यानं काही होत नाही), जास्तीच्या तपासण्यांचे पैसे कोण भरणार, ते तुझ्याकडून घ्यायचे नसतात. आणि स्टडीमुळं काही त्रास झाला तर उपचार फुकट मिळणार का, भरपाईचं काय लिहिलंय. हे त्यांचे उपकार नाहीत, नियमातच आहे. मधेच सोडावंसं वाटलं तर? सोडायचं. कारण द्यायची पण गरज नाही, आणि तुझी तपासणी, गोळ्या, डिलिव्हरी जशीच्या तशी चालू राहते.

मिस्टरांना मोबाईलवर एक काम लाव. सीटीआरआय म्हणून आयसीएमआरची नोंदवही आहे, २००७ पासून, तिथं असे चिठ्ठीवाले अभ्यास नोंदवलेले असतात आणि कुणालाही उघडून बघता येतात. मॅडमकडून नोंदणी नंबर घ्यायचा नि टाकून बघायचा. सापडला तर त्यांचाही जीव भांड्यात पडेल.

आणि "उंदीर" या शब्दाबद्दल सासूबाईंना एक गोष्ट सांग, लांबची नाही, आपल्या शेजारच्या बेळगावची. तिथल्या खेड्यांत बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायची मिसोप्रोस्टॉलची गोळी उपयोगी पडते का याचा मोठा अभ्यास झाला, १६२० बायका, डिलिव्हरी करणाऱ्या नर्सबाईच, डॉक्टर नाही. २००६ ला छापून आला. गोळी न मिळालेल्यांत १०० मधल्या १२ जणींना जास्त रक्त गेलं, गोळी मिळालेल्यांत साधारण ६ जणींना. सरळ निम्मं. त्याच कामातून एक साधी वस्तू आली, प्लास्टिकची चादर, तिला खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा, बाईच्या खाली अंथरायची म्हणजे रक्त किती गेलं ते वाचता येतं. त्याआधी आम्ही काय करायचो, तर कपडे किती भिजले ते बघून "नॉर्मल" असं लिहायचो. पिशवीशी ताडून बघितलं तेव्हा कळलं की आमची नजर जवळजवळ एक तृतीयांश कमी सांगते. मी २० वर्षं नजरेनं लिहीत होते, तर विचार कर. पुढं तसल्याच मापाच्या चादरी घेऊन आफ्रिकेतल्या चार देशांत ८० हॉस्पिटलांत दोन लाखांवर बाळंतपणांचा अभ्यास झाला, २०२३ ला आला, रक्त मोजलं आणि लागलीच सगळे उपाय एकदम केले तर जिवावर बेतणारा रक्तस्राव ६० टक्क्यांनी कमी झाला. आणि ज्यांचं हिमोग्लोबिन आधीच ८ असतं ना, त्यांना हा रक्तस्राव सगळ्यात महागात पडतो, म्हणून मी तुझ्या ८.४ च्या मागं लागलेय.

उलट गरोदर बायकांवर अभ्यासच नको म्हणलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. १९५० च्या दशकाच्या शेवटी थॅलिडोमाइड नावाचं औषध युरोपात गरोदर बायकांना उलटीवर दिलं, पुरतं न तपासता, आणि हजारो बाळं हातपाय नीट न वाढता जन्मली. त्या धसक्यानं नंतर गरोदर बाईला बहुतेक ट्रायल्समधून बाहेरच ठेवायला लागले. कोविडची लस आली १६ जानेवारी २०२१ ला, पण गरोदर बायकांना परवानगी मिळाली २ जुलैला, कारण सुरुवातीच्या ट्रायल्समधे त्या नव्हत्याच, माहितीच नव्हती. मधे एप्रिल-मे गेला. दुसरी लाट. माझ्या पेशंट फोन करायच्या, मॅडम लस घेऊ का, आणि ४० वर्षं हेच काम केलेल्या बाईकडं उत्तर नव्हतं. ते दिवस आठवले की मला अजून कसंतरी होतं.

बरं, आता शिकाऊ पोरांचं. इथं मी जरा कडक आहे.

आमच्या वेळचा एक राऊंड आठवतो. विडी कामगार बाई होती, तिसरं बाळंतपण, मराठी तोडकंमोडकं. सर आणि आम्ही नऊ जण कॉटभोवती. पोटावरून बाळाचं डोकं कुठं, पाठ कुठं ते चाचपायला शिकवत होते, एकामागून एक सगळ्यांनी हात लावायचा. डिसेंबर होता, हात गार. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला तो घेतलाच, प्रत्येक हाताला नुसतं पोट आक्रसायचं. मावशी म्हणली, "पोरं शिकलालेत गं, धर जरा दम." सातवी का आठवी मुलगी होती आमच्यातली, तिनं आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासले, आणि वाकून विचारलं, "मी बघू का?" त्या बाईनं पदर बाजूला केला, तिच्याकडं बघितलं, म्हणली "बघ की." बस एवढंच. सरांनी काही तो धडा म्हणून शिकवला नव्हता. मी नंतर आयुष्यभर तळवे घासत आले.

तर शिकायला लागतंच, हे खरं आहे. तुझी डिलिव्हरी जो कुणी करेल तो कधीतरी कुणाच्या तरी बाळंतपणात पहिल्यांदा उभा राहिलेलाच असेल. हल्ली प्लास्टिकच्या पुतळ्यांवर आधी शिकवतात, खांदा अडकलेलं बाळ कसं काढायचं, रक्त थांबवायला काय करायचं, स्किल लॅब असतात, चांगली गोष्ट आहे. पण पुतळ्याला कळा येत नाहीत, ते शेवटी बाईकडंच शिकावं लागतं. म्हणून सगळ्यांनाच हाकल असं मी सांगणार नाही, एकदोघं थांबू दे, ज्यांनी आधी येऊन आपलं नाव सांगितलं आणि विचारलं. पोटावरून तपासायला दे. आतून तपासणी मात्र ज्याच्याकडं तुझी केस आहे त्यानंच करायची. डब्ल्यूएचओचं म्हणणं आहे की कळा व्यवस्थित चालू असताना आतून तपासणी दर चार तासांनी एकदा पुरते. एकानं केली, लगेच दुसऱ्यानं "मी पण बघतो" म्हणून केली, याचा तुला उपयोग शून्य आणि जंतुसंसर्गाची भीती वर. हे काही आजचं शहाणपण नाही, १८४७ मधे व्हिएन्नात सेमेलवाइस डॉक्टरनं दाखवून दिलं की विद्यार्थ्यांच्या वॉर्डात सुईणींच्या वॉर्डापेक्षा कितीतरी जास्त बाळंतिणी मरतायत, कारण पोरं शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट तपासायला येत होती. त्यानं क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू धाडकन खाली आले. तिथल्या बायका म्हणे आम्हाला त्या वॉर्डात नको म्हणून हातापाया पडायच्या. डॉक्टरांच्या आधी बायकांना कळलं होतं.

मुलगा असेल तर? मुलगा आहे म्हणून वाईट असं काही नाही, माझ्या हाताखालचा सगळ्यात हळुवार हात एका मुलाचाच होता, बार्शीकडचा. पण तुला नको तर नको, आणि पुरुष डॉक्टर तपासत असताना बाईमाणूस शेजारी हवंच.

मिस्टरांची भीती, की राग काढतील. असं कधीच होत नाही म्हणलं तर तू माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीस आणि बरोबरच करशील. लेबर रूममधे ओरडणारे लोक मी बघितलेत. म्हणून नाही कधी म्हणायचं ते महत्त्वाचं आहे, कळा सुरू झाल्यावर भांडायला जाऊ नकोस, तेव्हा तुझ्यात ताकद नसते आणि त्यांना वेळ नसतो. आत्ताच, पुढच्या तपासणीला, युनिटच्या मोठ्या मॅडमना नाहीतर इनचार्ज सिस्टरना निवांत वेळ बघून सांग, "शिकाऊ डॉक्टर एकदोन चालतील, जास्त नकोत, आतून तपासणी एकाच मॅडमनी करावी." आणि केसपेपरवर लिहून घ्या म्हण. लिहिलेलं असलं की रात्री तीनला ड्युटीवर कुणी का असेना, तुला बोलावं लागत नाही. इनचार्ज सिस्टरना कधी कमी समजू नकोस, प्रोफेसर दुपारी घरी जातात, वॉर्ड सिस्टर चालवते. आणि सोबत एक बाईमाणूस आत ठेवायची मुभा आता सरकारी लेबर रूममधेही आहे, केंद्रानं २०१६ पासून तसं सांगितलेलं आहे, तेही आत्ताच विचारून ठेव. सासूबाईंना ने. चिडक्या असल्या तरी तुझी बाजू घेऊन भांडणाऱ्या आहेत, पत्रावरूनच कळतंय, लेबर रूममधे असं माणूस लागतं.

राहिलं एक. पाकिटातून काहीही निघो, तोवर गोळ्या बंद करू नकोस. चहाबरोबर गोळी अजिबात नको, चहानं लोह अंगाला लागत नाही, जेवणानंतर तासा-दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर घे. शी काळी होईल, घाबरायचं नाही. आणि विड्या वळायला सासूबाईंना हातभार लावत असशील तर बाळंतपण होईपर्यंत बंद, तंबाखूची ती बारीक धूळ आत्ता तुझ्या नाकातोंडात जायला नको, त्यांनाही सूप दाराबाहेर घेऊन बसायला सांग, डॉक्टरबाईनं सांगितलंय म्हण. जिना चढताना दम लागायला लागला, छातीत धडधडायला लागलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखान्यात जायचं, स्टडीत असलीस तरी आणि नसलीस तरी.

महिन्याभरानं परत रक्त तपासतील, तेव्हा काय आकडा येतो तो कळव मला.